वसंतरावांची आई आणि आपण

(नागपुरात स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला आज 'आपल्या गावाचा इतिहास आणि बायका' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी इतिहासाची अभ्यासक नाही. एम.एस.डब्ल्यू. झाले आणि गेली दहा-अकरा वर्षं कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते आहे. समोर बाई बसते, ती बोलते, मी लिहून घेते. इतिहासाशी माझा संबंध आला तो एका सिनेमामुळे आणि त्यानंतर आमच्या गटातल्या एका बाईने विचारलेल्या प्रश्नामुळे. तेवढंच सांगणार आहे.

एप्रिल २०२२ मध्ये 'मी वसंतराव' हा सिनेमा लागला. डॉ. वसंतराव देशपांड्यांच्या आयुष्यावरचा, निपुण धर्माधिकारींनी दिग्दर्शित केलेला. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनीच आजोबांची भूमिका केली आहे. आमच्या गटातल्या सात जणी तो बघायला गेलो. त्यात दोघी धुणीभांडी करणाऱ्या, एक अंगणवाडीसेविका, एक घरीच शिवणकाम करणारी. गाणं कळतं म्हणून कुणी आलं नव्हतं. माणूस आपल्या नागपूरचा आहे, एवढंच कारण होतं.

सिनेमाच्या सुरुवातीला वसंतरावांची आई दिसते. अनिता दाते यांनी ती भूमिका केली आहे. ही बाई लहान मुलाला घेऊन नवऱ्याचं घर सोडते, नागपूरला येते आणि एकटीने त्याला वाढवते. थिएटरमध्ये लोक डोळे पुसत होते. बाहेर आलो तर आमची शिवणकामवाली एकदम म्हणाली, "ताई, तिनं नवरा सोडला तर हे सारे रडून राहिले, टाळ्या वाजवून राहिले. मी सोडला तवा माझ्याच मायनं दार लावून घेतलं होतं. असं काहून?"

या 'काहून'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊनही ते डोक्यातून जाईना. पुढच्या बैठकीत ठरलं की या बाईचा, म्हणजे वसंतरावांच्या आईचा, आपल्या गावातला माग काढून बघायचा. संशोधन हा शब्दही आम्ही वापरला नव्हता.

आता वसंतरावांविषयी थोडक्यात. जन्म २ मे १९२० चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. बालपण आणि गाण्याची पहिली तालीम नागपूरची. इथे शंकरराव सप्रे यांचं श्रीराम संगीत विद्यालय होतं. सप्रे गुरुजी पलुस्करांच्या परंपरेतले. त्यांच्याकडेच राम चितळकर नावाचा मुलगा शिकला. तो पुढे सी. रामचंद्र म्हणून हिंदी सिनेमात गाजला. भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' या सिनेमात वसंताने कृष्णाचं काम केलं. मग लाहोरला मामांकडे, तिथे उस्ताद असद अली खाँ यांच्याकडे शिक्षण. नंतर पुण्यात मिलिटरी अकाउंट्सच्या कचेरीत बरीच वर्षं कारकुनी. आणि १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' या नाटकातले खाँसाहेब. ते नाटक लिहिलं पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. तेही नागपूरचेच, रंजन कला मंदिरवाले. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. ३० जुलै १९८३ रोजी वसंतराव गेले. सिव्हिल लाइन्समधलं मोठं सभागृह आज त्यांच्या नावाचं आहे. तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीत समारोह होतो. आपले आठ मार्चचे कार्यक्रमही आपण कधी कधी तिथेच घेतले आहेत. त्या पाटीखालून मी कितीदा आत गेले असेन. आईचा विचार मनात आला नव्हता.

काम सुरू केल्यावर पहिली गोष्ट शिकलो ती वजाबाकी. जिथे तिथे छापलेलं असतं की आठव्या वर्षी भालजींनी या मुलाला हेरलं आणि 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण केलं. सिनेमा १९३५ चा. जन्म १९२० चा. वजा करा. पंधरा येतात. आठव्या वर्षी म्हणजे १९२८ मध्ये तर मराठी बोलपटच नव्हता. 'अयोध्येचा राजा' आला १९३२ मध्ये. हेरलं असेल आठव्या वर्षी, पण पडद्यावरचा कृष्ण पंधरा वर्षांचा होता. हे आमच्या अंगणवाडीसेविकेने शोधलं, कारण वयं आणि जन्मतारखा जुळवणं हे तिचं रोजचं काम आहे. तिने विचारलं, "मग मधली सात वर्षं या पोराला कोण खाऊ घालत होतं?"

बघा, सात वर्षं एका वाक्यात गळून पडली होती. मोठ्या माणसांच्या चरित्रात असं नेहमी होतं. 'बालपणीच गुण दिसले' आणि 'पुढे नाव झालं' या दोन वाक्यांच्या मध्ये कुणीतरी पाणी भरलेलं असतं, भाकरी थापलेली असते, फी भरलेली असते, तापात रात्र जागवलेली असते. ते कुणीतरी बहुतेक वेळा बाई असते. आणि बाई एकटी असेल तर त्या सात वर्षांत आणखीही काही असतं. वाड्यातल्या लोकांचे प्रश्न असतात. 'यांचे हे कुठे असतात?' हा सर्वांत पहिला.

दुसरी गोष्ट शिकलो ती विचारायची पद्धत. महालात, बडकस चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत आम्ही म्हाताऱ्या बायकांना भेटायला लागलो. पहिल्या दिवशी मी वही काढून विचारलं, "आजी, १९३० च्या सुमारास इथे एकट्या राहणाऱ्या बायका होत्या का?" आजी म्हणाल्या, "नाही गं बाई. आपल्याकडे तसलं काही नव्हतं." संपलं. दुसऱ्या दिवशी शिवणकामवाली माझ्यासोबत आली. तिने साल विचारलं नाही. ती आजींच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, तुमच्या लहानपणी वाड्यात कोण कोण राहे?" आजींनी बोटं मोजायला सुरुवात केली. खाली अमके, वर तमके, आणि मागच्या खोलीत 'माहेरी राहिलेल्या' काकू. जिन्याखाली पापड लाटणाऱ्या 'कोकणातल्या' आत्या. दोन वाड्यांत मिळून पाच बायका निघाल्या, ज्यांचे नवरे जिवंत होते आणि ज्या नवऱ्याजवळ राहत नव्हत्या. आजींच्या लेखी त्या 'एकट्या' नव्हत्याच. कुणी 'माहेरी राहिलेली' होती, कुणी 'नांदत नव्हती', कुणाचं 'जमलं नाही'.

मैत्रिणींनो, आपण अर्जात लिहितो 'परित्यक्ता'. गावात म्हणतात 'टाकलेली'. आणि जी स्वतः निघून आली तिला? तिलाही टाकलेलीच म्हणतात. तिने टाकलं, असं कुणी म्हणत नाही. वसंतरावांची आई स्वतः बाहेर पडली होती. तिला परित्यक्ता म्हणणंसुद्धा तिच्याकडून तिचा निर्णय काढून घेणं आहे. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली तेव्हापासून या शब्दावर आपल्या चळवळीत बोललं गेलं आहे. पण सल्ला केंद्राच्या फॉर्मवर मी तोच शब्द लिहीत होते. आता तिथे 'स्वतः घर सोडले' असा वेगळा रकाना केला आहे.

साल विचारायचं नाही, तर खुणा विचारायच्या, हेही तिथेच कळलं. प्रत्येक वस्तीची खूण वेगळी. उत्तर नागपुरात विचारा, "दीक्षेच्या आधी की नंतर?" म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६. महालात विचारा, "राजधानी गेली त्याच्या आधीचं का?" कारण नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं, ते १९५६ मध्ये गेलं. गिरणीवाल्यांच्या वस्तीत विचारा, "एम्प्रेस चालू होती का?" एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद पडली. आणि कुठेही चालणारी खूण म्हणजे "तुमचं पहिलं बाळंतपण झालं होतं का तेव्हा?" ती तारीख बाई विसरत नाही.

आता जरा त्या काळातल्या कायद्याकडे येते, कारण मला वाटतं की घर सोडणं म्हणजे नेमकं काय होतं हे त्याशिवाय कळत नाही. १९२० च्या दशकात ब्राह्मण घरातल्या बाईला घटस्फोट नावाची गोष्टच नव्हती. काही जातींत काडीमोड आणि पाट होते; पण तिथेही पंचांच्या हातात बाईचं भवितव्य. नवऱ्यापासून वेगळं राहून पोटगी मागण्याचा हिंदू विवाहित स्त्रीचा हक्क सांगणारा कायदा झाला १९४६ मध्ये. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. म्हणजे या बाईने उंबरा ओलांडला तेव्हा तिच्या मागे कायदा नव्हता. उलट, नवरा कोर्टात जाऊन 'बायको नांदायला पाठवा' म्हणू शकत होता. रखमाबाईंवर १८८४ मध्ये तसाच दावा झाला होता.

आणि मूल? मूल बापाचं. हिंदू कायद्यात नैसर्गिक पालक बाप. १९५६ च्या कायद्यानेही बापालाच पहिला धरलं, आई त्याच्यानंतर; फक्त पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ राहावं एवढं म्हटलं. 'नंतर'चा अर्थ 'बाप मेल्यानंतर' असाच घ्यायचा नाही, हे सुप्रीम कोर्टाने गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगितलं ते १९९९ मध्ये. ही आई मुलाला कडेवर घेऊन आली तेव्हा ते मूल कायद्याने तिचं नव्हतं. हे लक्षात घेतलं की तिची धास्ती काय असेल याचा अंदाज येतो. रस्त्यात सासरचं माणूस दिसलं की ती मुलाचा हात घट्ट धरत असेल. आज माझ्यासमोर बसणाऱ्या बायकाही तेच सांगतात, "शाळेतून उचलून नेला तर?"

पण त्याच काळात याच शहरात आणखीही काही चाललं होतं. १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताई बालविधवा. नर्सिंग शिकल्या आणि बाळंतिणींसाठी प्रसूतिगृह काढलं. आपल्यापैकी कितीतरी जणी त्याच संस्थेच्या समाजकार्य महाविद्यालयात शिकल्या आहेत. त्याच दशकात जाईबाई चौधरींनी दलित मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. जाईबाई उमरेडच्या. पोटासाठी त्यांनी कामठी-नागपूर रस्त्यावर लोकांची ओझी वाहिली होती. एका मिशनरी बाईंनी त्यांना शिकवलं आणि शिक्षिकेची नोकरी दिली. पण अस्पृश्य बाई शिकवते म्हणून पालकांनी मुलं काढून घ्यायला सुरुवात केली आणि ती नोकरी गेली. मग त्यांनी स्वतःच शाळा काढली. १९४२ च्या जुलैमध्ये याच नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. तेव्हा 'त्या काळी बायका काही करत नव्हत्या' हे वाक्य आपण तरी बोलू नये.

आता गाण्याकडे परत येते. वसंतराव कुणाकुणाकडे शिकले हे आम्ही एका मोठ्या कागदावर मांडलं. प्रत्येक गुरूच्या नावाखाली त्याच्या आईचं नाव लिहायचं, असं ठरवलं. गंमत म्हणून केलं. आणि कागदाकडे बघत बसलो.

सुरेशबाबू माने. हे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे पुत्र. मूळ नाव अब्दुल रहमान. त्यांची आई ताराबाई माने पाच मुलांना घेऊन खाँसाहेबांच्या घरातून बाहेर पडल्या आणि मुलांना त्यांनी आपलं आडनाव लावलं. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या. किराणा घराण्याची गायकी महाराष्ट्रात घरोघर पोचवली ती या भावंडांनी. म्हणजे वसंतरावांचे गुरूसुद्धा घर सोडलेल्या आईचे पुत्र.

दीनानाथ मंगेशकर. वसंतरावांवर त्यांच्या गाण्याची मोठी छाप होती. दीनानाथांची आई येसूबाई राणे, गोव्यातल्या मंगेशीच्या देवळात सेवा करणाऱ्या गायिका. मुलाने आडनाव घेतलं गावाचं.

अंजनीबाई मालपेकर. भेंडीबाजार घराण्याच्या. वसंतरावांनी यांच्याकडेही तालीम घेतली. त्या कलावंतिणींच्या समाजातून आलेल्या. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. कुमार गंधर्वही त्यांच्याकडे शिकले.

आम्ही सगळ्या त्या कागदाकडे बघत राहिलो. आपण शिकतो की घराणं बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे जातं. इथे तर आयांची एक ओळच निघाली. कुणी नवरा सोडलेली, कुणी जिचं लग्न देवाशी लावलं ती. समाजाने ज्या घरांना 'नीट' मानलं नाही त्या घरांतून हे गाणं आलं आणि नंतर सभागृहात जाऊन बसलं.

इथवर आल्यावर आम्ही खूष झालो होतो. पण गटातल्या एका कॉलेजच्या मुलीने प्रश्न केला. ती म्हणाली, "ताई, आपण या आईला मोठी म्हणतोय, कारण तिचा मुलगा वसंतराव झाला. तो कारकूनच राहिला असता तर? किंवा दारुडा निघाला असता तर? मग तिचं घर सोडणं चुकीचं ठरलं असतं का?"

शिवणकामवालीच्या 'काहून'चं उत्तर मला इथे मिळालं. थिएटरमध्ये लोक घर सोडणाऱ्या बाईसाठी रडत नव्हते. मोठ्या गायकाच्या आईसाठी रडत होते. शेवट ठाऊक असल्यामुळे त्यांनी सुरुवात माफ केली. आपल्या शिवणकामवालीचा शेवट अजून कुणाला ठाऊक नाही. तिचा मुलगा सातवीत आहे, गणितात कच्चा आहे. तिला दार उघडायला जग त्याच्या निकालाची वाट बघणार का?

आता माझी चूक सांगते. ही सांगायची नव्हती, पण त्याशिवाय हे भाषण पुरं होत नाही.

कामाच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक बाई आली होती. पाच वर्षांचा मुलगा बरोबर. नवरा मारायचा. तिला परत जायचं नव्हतं. मी शिकलेली, सगळे कायदे पाठ. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा मी तिला समजावून सांगितला. आणि शेवटी काय म्हटलं? "मुलाचा विचार करा. बापाशिवाय मूल वाढवणं सोपं नाही. एकदा प्रयत्न करून बघा." नवऱ्याकडून हमीपत्र लिहून घेतलं. फाइलवर 'समेट' लिहिलं. महिन्याच्या अहवालात यशस्वी प्रकरणांत ते मोजलं गेलं. आठ महिन्यांनी ती परत आली. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मुलगा तिच्या डाव्या हाताला धरून उभा होता आणि तो बोलायचा बंद झाला होता. तिने मला दोष दिला नाही. म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हटलं म्हणून गेली."

मुलासाठी म्हणून मी तिला पाठवलं होतं, आणि सर्वांत जास्त भोगलं ते मुलानेच. मूल सांभाळायचं म्हणजे संसार सांभाळायचा, असं मी धरून चालले होते. शिकताना कुणी मला असं शिकवलं नव्हतं. ते आधीपासून माझ्यात होतं. माझ्या घरात, शेजारात, पाहिलेल्या सिनेमांत होतं. त्या दिवशी माझ्यासमोर एखादं उदाहरण असतं की, हो, शंभर वर्षांपूर्वी याच गावात एक बाई लेकराला घेऊन आली आणि निभावून नेलं, तर माझ्या तोंडून ते वाक्य निघालं असतं का? म्हणून मला हा इतिहास हवा आहे. अभिमानासाठी नको, समोर बसलेल्या बाईला सांगायला हवा.

आता ती बाई आणि तिचा मुलगा दोघेही बरे आहेत. तो बोलतो, भरपूर बोलतो. गाणं त्याला अजिबात येत नाही, आणि त्याने काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट. या शोधात एकदा आम्ही इतवारीकडून गंगा-जमुना वस्तीत गेलो. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांच्या आदेशाने ती वस्ती बंद केली होती, बांबू आणि बॅरिकेड लावून रस्ते अडवले होते, हे तुम्हाला आठवत असेल. तिथल्या एका वयस्क बाईला आम्ही सांगितलं की एका गायकाच्या आईची माहिती गोळा करतो आहोत. ती हसली. म्हणाली, "माझी आजी गायची. तिची माहिती कोन गोळा करते?" आमच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. वसंतरावांच्या आईला महालाचा आधार होता, लाहोरला भाऊ होता, आणि मुलगा मोठा झाला म्हणून तिची गोष्ट सांगणारा नातू होता. जात, नाती, पैसा यांनीही इतिहास टिकतो. ज्यांच्याकडे यांतलं काही नाही त्यांच्यासाठी आपणच वही घेऊन बसायला हवं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गावोगाव भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं, ते १९८९ मध्ये आलं. त्या दोघी भेटायला गेल्या नसत्या तर त्या बायकांबरोबरच सगळं गेलं असतं.

तर करायचं काय? आमच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते.

पहिली. प्रत्येक गटाने आपल्या गावातलं एक नाव घ्यावं, ज्याची पाटी रस्त्यावर किंवा सभागृहावर आहे. आणि त्या पाटीमागच्या बाईचा शोध घ्यावा. आई, बहीण, बायको, शिकवणारी, जेवू घालणारी, जी कुणी असेल ती. प्रसिद्ध माणसाचं बोट धरलं की लोक बोलतात, दारं उघडतात. एकदा आत गेलं की आपले प्रश्न आपण विचारू शकतो.

दुसरी. कागद बघायला शिकावं. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, नगरपालिकेची जन्मनोंद, जुनी वर्तमानपत्रं. नागपुरात 'हितवाद' १९११ पासूनचा आहे. ग्रंथालयात जाऊन मागितलं की दाखवतात. आपल्यापैकी बऱ्याच जणी तिथे जायला बिचकतात. दोघी-तिघी मिळून जा. आणि छापलेलं सगळं खरं धरू नका, वजाबाकी करून बघा.

तिसरी. जी बाई बोलते तिला विचारा की नाव लिहायचं का. नको म्हणाली तर नको. तिने सांगितलेलं लिहून झालं की तिला वाचून दाखवा. एका आजींनी असं वाचल्यावर दोन ओळी खोडायला लावल्या. त्या ओळी सर्वांत चांगल्या होत्या. आम्ही खोडल्या.

चौथी. हे सगळं बैठकीत मोठ्याने वाचा. आमच्या गटात आता दर महिन्याला एक जण आपल्या घरातल्या एका बाईविषयी पानभर लिहून आणते. जिला लिहिता येत नाही ती सांगते, दुसरी लिहून घेते. आतापर्यंत सतरा वह्या झाल्या आहेत. 'आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही' म्हणणाऱ्यांच्या घराण्यातसुद्धा घर सोडून आलेली एक तरी आत्या, मावशी, पणजी निघाली आहे.

ही फक्त जुनी गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत देशात जेवढे लोक घटस्फोटित आहेत त्याच्या जवळजवळ तिप्पट लोक नुसते वेगळे राहणारे आहेत, आणि त्यांत बायका जास्त. कोर्टाचा कागद नाही, संसारही नाही. त्यांच्या मुलांना आजही शाळेत, बँकेत, दाखल्यासाठी बापाची सही मागतात. सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि मग आडनाव असं लिहायचं. चांगलं झालं. आपल्या चळवळीने किती वर्षं मागितलेली ही गोष्ट आहे. पण कागदावर आईचं नाव आलं म्हणजे दार उघडतंच असं नाही. त्यासाठी आपल्यालाच शाळेत, कचेरीत त्या बाईसोबत जाऊन उभं राहावं लागतं.

शेवटी शिवणकामवालीविषयी. तिने विचारलेला प्रश्न मी तुम्हाला सांगितला. पुढचंही सांगते. या दिवाळीत तिने आपल्या आईला गाठलं. दार लावून घेणाऱ्या त्याच आईला. हातात वही होती. म्हणाली, "माये, तुझ्या आईचं सांग न मले. आपल्या घरात कोनी असं घर सोडलं होतं का?" म्हातारी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझी आजीच आली होती, मले घेऊन. मी तीन वर्षांची होती."

हे तिने लेकीला चाळीस वर्षं सांगितलं नव्हतं. आधी कळलं असतं, तर ते दार लागलं असतं का?

मैत्रिणींनो, म्हणून आज घरी गेल्यावर एवढं करा. घरात जी सर्वांत म्हातारी बाई असेल तिच्याजवळ बसा आणि विचारा. पुढच्या शिबिराला येताना वही आणा.